हो, नको, पुसा, झालं

नवी वस्तू आपण विकत घेतो. जुनी वस्तू आपल्याकडे नांदायला येते. नव्या वस्तूला गतकाळ नसतो. खोके फोडावे, आतला भुसा झटकावा आणि ती आपल्या मनासारखी वळवावी. जुनीचे तसे नाही. दुसऱ्याने वापरलेल्या सायकलचा ब्रेक जरा अधिकच ओढावा लागतो. जुन्या घराची कडी किंचित वर उचलली तरच बसते. हे घर घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, हाताला चिमटा बसला की कळते. जुन्या बाजारातल्या पुस्तकात कुणीतरी पेन्सिलीने रेघा ओढलेल्या असतात आणि मग आपण लेखकाबरोबर त्या अनोळखी वाचकाचेही मत वाचू लागतो. थोडक्यात, जुन्या वस्तूबरोबर तिच्या आधीच्या धन्याच्या सवयी फुकट मिळतात, आणि त्या शिकल्याशिवाय संसार सुरू होत नाही.

माझ्याकडे २०२२ सालच्या जून महिन्यात अशीच एक सून आली. माहेर जर्मनी, वय वर्षे अठ्ठावीस, वजन तीन टनांच्या वर. तिला उतरवून घ्यायला क्रेन बोलवावी लागली.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचे एक लहानसे वर्कशॉप आहे. उद्यमनगर ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते पटणार नाही. गुळाच्या आणि कुस्तीच्या या गावात बिडाचे ओतकाम, ऑइल इंजिने, उसाचे चरक आणि पंप यांच्यावर पिढ्यान् पिढ्या वाढल्या. आमच्या अण्णांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये हाताने चालवायचे मिलिंग मशीन मांडले आणि त्यावर आमची शिक्षणे, बहिणीचे लग्न आणि आईचे चारधाम एवढे सगळे कापून काढले. मिलिंग म्हणजे काय, असे घरातल्या मंडळींनी विचारले तर मी त्यांना विजेवर फिरणारी नारळाची खवणी दाखवतो. दातेरी हत्यार जागच्या जागी फिरते; नारळ त्याच्यापुढे सरकवायचा. किती सरकवायचा, किती दाबायचा, कधी फिरवायचा, हे हाताला कळले तर खोबरे पांढरे पडते. नाही कळले तर करवंटी खवली जाते. आमच्याकडे नारळाऐवजी बीड आणि पोलाद असते, इतकाच फरक.

हा हात आमच्याकडे मेस्त्रींचा होता. अण्णांच्या हाताखाली ते सोळाव्या वर्षी लागले. मला त्यांनी खांद्यावर बसवून अंबाबाईची पालखी दाखवली आहे. त्यामुळे गिऱ्हाइकांपुढे ते मला "मालक" म्हणतात आणि गिऱ्हाईक गेले की "बाळ" म्हणतात. मिलिंगचे हँडल फिरवताना ते आकड्यांकडे बघत नसत. कान कटरकडे, नजर कुठेतरी छपराच्या कैचीकडे, आणि जॉब मात्र मायक्रोमीटरखाली चोख.

पण दिवस बदलले. गिऱ्हाइकांच्या नकाशांत सरळ रेषा कमी झाल्या आणि वळणे वाढली. दोन हँडले दोन हातांनी एकाच वेळी फिरवून वर्तुळ काढणे हे मेस्त्रींनाही सर्कशीतले काम वाटे. एकेक काम शिरोलीच्या नाही तर गोकुळ शिरगावच्या मोठ्या कारखान्यांकडे जाऊ लागले. शेवटी एका जुन्या गिऱ्हाइकाने स्पष्टच सांगितले, "पंपाच्या झाकणाचे चोवीस नमुने दिवाळीआधी वळणासकट करून देता आले तर पुढचे काम तुमचे, नाही तर क्षमा करा." नवे संगणकी मशीन घेण्याची आमची ऐपत नव्हती. पतपेढीचे कर्ज काढले, घरातले थोडे सोने तारण ठेवले, आणि जर्मनीहून आलेले एक जुने मशीन एका व्यापाऱ्याकडून घेतले. तारण ठेवलेल्या सोन्याची गोष्ट अशी असते की ते घरात नसूनही सगळ्यांना दिसत राहते. आमच्याकडे चार महिने ते दिसत होते.

मशीनला कुणी घाबरले नाही. ओतीव लोखंडाचा तो देह मेस्त्रींनी नुसता थोपटून पाहिला आणि "जातीचं हाय" असा दाखला दिला. घाबरलो ते त्याच्या चेहऱ्याला. एका बाजूच्या आडव्या हातावर त्याचे पॅनेल होते: वर काचेचा जुना पडदा, खाली ओळीने बटणे, दोन गोल खुंट्या आणि कोपऱ्यात एक लाल टोपीचे मोठे बटण. बटणांवर कुठे अक्षरे, कुठे चित्रे. आमच्या आजूबाजूच्या वर्कशॉपांत बहुतेकांकडे जपानी पॅनेले आहेत. तिथली पोरे जी ०१ म्हणजे सरळ कापत जा, जी ०२ म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखे वळ, एम ०३ म्हणजे हत्यार फिरव, असे पाढे धडाधडा म्हणतात. त्यांतले दोघे-तिघे मोठ्या उमेदीने आले आणि पॅनेलकडे पाहून चहा पिऊन गेले. कारण हे पॅनेल निराळे होते, हायडेनहाइन या जर्मन कंपनीचे. ही कंपनी १८८९ साली बर्लिनमध्ये धातूवर कोरीव काम करण्यासाठी निघाली आणि महायुद्धानंतर १९४८ साली बव्हेरियातल्या ट्राउनरॉइट गावी तिने पुन्हा चूल मांडली. मापाच्या सूक्ष्म पट्ट्या आणि यंत्रांची पॅनेले ही तिची ख्याती. व्यापाऱ्याने माहितीपुस्तक दिले नव्हते. मागितले तेव्हा तो म्हणाला, "चालू मशीन आहे, पुस्तक कशाला?" विहीर दाखवून दोर न देण्यातलाच हा प्रकार.

पहिल्या दिवशी वीज दिली. पंखा घुमला, पडदा हळूहळू उजळला आणि त्यावर एक लांबलचक शब्द उमटला: श्ट्रोमउंटरब्रेखुंग. मेस्त्री दोन पावले मागे सरले. माझी धाकटी मुलगी तेव्हा दहावीत होती, तिने मोबाइल पडद्यासमोर धरला आणि अर्थ सांगितला, "वीज गेली होती, म्हणतंय."

मेस्त्री म्हणाले, "मग? आमच्याकडं रोजच जाती. त्यात काय सांगायचं?"

पण त्या शब्दातच यंत्राचा स्वभाव होता. गेलेली वीज तुम्ही पाहिलीत, हे कबूल केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. 'सीई' हे बटण दाबले की तो शब्द पुसला जातो आणि पुढचा उभा राहतो: नियंत्रणाची वीज दिलेली नाही, ती द्या. ती दिली की तिसरा: रेफेरेंत्सपुंक्ट, म्हणजे खुणेची जागा ओलांडा. या तिसऱ्या वाक्याने मला विचारात पाडले. हजारांश मिलिमीटरच्या गोष्टी करणारे हे यंत्र रोज सकाळी उठते तेव्हा आपण कुठे आहोत, हे त्याला ठाऊक नसते! मग त्याचा प्रत्येक अक्ष हळूहळू सरकत आपल्या पट्टीवरची एक खूण ओलांडतो आणि तेव्हा त्याला भान येते. आपल्याकडे सकाळी डोळे उघडल्यावर आधी तळहात पाहण्याची रीत आहे. त्यामागे याहून निराळा हेतू असेल असे मला आता वाटत नाही.

चौथ्या दिवशी पडद्यावर आणखी एक निरोप आला. आतली बॅटरी संपत आली आहे, बदला. घड्याळाचा सेल संपला तर घड्याळ थांबते, एवढेच. इथे त्या बॅटरीच्या आधारावर यंत्राची सारी जन्मकुंडली असते: अक्ष किती लांब, वेग किती, कुठे थांबायचे. ती पुसली गेली तर तीन टन उत्तम जर्मन लोखंड आणि पतपेढीचे हप्ते एवढेच हाती उरते. पुण्याहून आलेल्या जाणत्या माणसाने आधी एका तारेने ती सगळी कुंडली संगणकात उतरवून घेतली, कागदावर छापली, आणि मगच बॅटरीला हात लावला. ते कागद आजही आमच्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहेत. तिथे माझी खरी कुंडलीही आहे, पण ती इतक्या काळजीने ठेवलेली नाही.

या पॅनेलची रीत अशी की ते हुकूम ऐकत नाही, प्रश्न विचारते. तुम्ही सरळ रेषेचे बटण दाबले की ते विचारते: कुठपर्यंत? आकडा दिला की: हत्यार रेषेच्या डावीकडे की उजवीकडे? मग: वेग किती? मग: आणखी काही? एखाद्या आत्याबाई मुलगी पाहायला याव्यात आणि त्यांनी नाव, गाव, शिक्षण, स्वयंपाक असे क्रमाने विचारत जावे, तसे. जर्मन लोक या पद्धतीला 'क्लारटेक्स्ट' म्हणतात, म्हणजे स्वच्छ, उघड भाषा. आपल्याला ती भाषा येत नसली तरी तिचा स्वच्छपणा कळतो. प्रश्नाला उत्तर असेल तर एक बटण, तो प्रश्न सोडायचा असेल तर दुसरे, लिहिलेले पुसायचे तर तिसरे, ओळ पुरी झाली की चौथे. त्यांवर एन्ट, नो एन्ट, सीई आणि एंड अशी अक्षरे होती. मुलीने एक दोनशेपानी वही केली. डावीकडे जर्मन शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी. मेस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांनी वही दोनदा उलटून पाहिली, बाजूला ठेवली आणि चार बटणांची नावे स्वतःच पाडली: हो, नको, पुसा, झालं.

मला वाटते, जगातल्या कुठल्याही परक्या घरात शिरताना एवढे चार शब्द पुरेत. सासरी आलेली मुलगी पहिल्या वर्षी याहून अधिक काय बोलते?

तरीही मेस्त्रींचे मन रमेना. बटणे त्यांना सापडत, पण ती दाबताना त्यांच्या बोटांत एक परकेपणा असे. लग्नाच्या पंक्तीत काट्याचमच्याने जेवायला बसवलेल्या माणसासारखा. एके दिवशी संध्याकाळी जुन्या मिलिंगवर ओले फडके फिरवता फिरवता ते म्हणाले, "बाळ, दसरा झाला की मी थांबतो. नमुनं निघाल्यावर. ह्या मशिनीला माझं काय काम हाय? ती इच्यारती, तुझी पोरगी उत्तर देती. मधी मी कशाला?"

काय बोलावे ते मला सुचेना. जे ते म्हणत होते ते खोटे नव्हते. त्या रात्री मी या यंत्रांचा पूर्वेतिहास वाचत बसलो. अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याची वक्र कड अचूक यावी म्हणून त्यांनी कडेवरचे पुष्कळ बिंदू आधी हिशेबाने काढले. ते धातूवर उतरवायची त्यांची पहिली युक्ती मोठी मौजेची होती. एकजण कागदावरचे आकडे मोठ्याने वाची; दुसरा एक हँडल फिरवी, तिसरा दुसरे; दोघे ठरल्या जागी पोचले की हत्यार खाली आणून कापायचे. मग पुढचा आकडा. तीन माणसांचे हे भजनी मंडळ पुढे यंत्रात शिरले. अमेरिकेच्या हवाई दलाने पैसा दिला आणि मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात १९५२ साली भोके पाडलेल्या पट्टीवरून आकडे वाचून आपोआप चालणारे पहिले मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. आपल्या पडद्यामागे काय आहे, हे मला त्या रात्री कळले. वाचणारा एक आणि हँडले फिरवणारे दोघे, हे तिघे तिथे बसले आहेत. पण ऐकणारा कुणी नाही. पार्सन्सच्या त्या तिघांपैकी एकाचा तरी कान नक्कीच कटरकडे असणार. यंत्रात शिरताना तो कान तेवढा बाहेर राहिला.

हे मी मेस्त्रींना सांगितले नाही. अशा गोष्टी सांगून पटत नसतात.

मधल्या काळात एक वाद झाला आणि त्यात मेस्त्री पुन्हा पहिल्यासारखे दिसले. हत्यार रेषेच्या कोणत्या बाजूने न्यायचे, हा तो वाद. नमुन्याच्या झाकणाला बाहेरून फेरी घालायची होती. ही फेरी कशी, हे मुलीने त्यांना समजावले: "मेस्त्रीआजोबा, देवळात प्रदक्षिणा घालतो ना, देव उजव्या हाताला ठेवून, तशी." उपमा अगदी चपखल होती. देव उजवीकडे म्हणजे आपण त्याच्या डावीकडे. यंत्राच्या प्रश्नाला उत्तर तेच. अशा फेरीत कटरचा दात जाड किसापासून सुरुवात करून बारीक होत बाहेर पडतो आणि पृष्ठभाग तुकतुकीत येतो. मेस्त्री मात्र ताडकन म्हणाले, "असं फिरवलं तर कटर जॉब ओढून घील!"

जुन्या मिलिंगवर हे शंभर टक्के खरे. तिथल्या स्क्रूला प्ले असतो. हँडल उलटे फिरवले तर टेबल हलण्याआधी थोडा भाग नुसताच फिरतो. तेवढ्या मोकळिकीत कटर टेबल आपल्याकडे खेचतो आणि मग कटर तरी तुटतो नाही तर जॉब तरी उडतो. म्हणून हात-मिलिंगवर सगळे उलटी प्रदक्षिणा घालतात. नव्या तऱ्हेच्या यंत्रांत स्क्रू आणि नटाच्या मध्ये पोलादी गोळ्या असतात. तिथे प्ले जवळजवळ नसतो आणि सुलटी फेरी चालते. "पण हे मशीन अठ्ठावीस वर्षं चाललंय," मेस्त्री म्हणाले, "गोळ्या झिजल्या न्हाईत कशावरनं?"

याला वहीत उत्तर नव्हते. मेस्त्रींनी पेटीतून डायल गेज काढला, टेबलाला टेकवला आणि मला पॅनेलवरून टेबल दहा मिलिमीटर पुढे आणि परत तेवढेच मागे घ्यायला लावले. पुन्हा. तिसऱ्यांदा दुसऱ्या टोकाला, चौथ्यांदा आडव्या अक्षावर. काटा दर वेळी दहा मायक्रॉनच्या आत परत येत होता. ते चष्मा पुशीत म्हणाले, "आता घाला तुमची प्रदक्षिणा." त्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच पॅनेल मेस्त्रींना नव्हे, तर मेस्त्री पॅनेलला प्रश्न विचारत होते. त्याने उत्तरे बरोबर दिली, म्हणून त्याच्यावर त्यांची मर्जी बसू लागली.

याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. आमच्या सगळ्यांची नजर बटणांवरच्या अक्षरांवर. त्यांना अक्षरांचा उपयोग नाही, म्हणून त्यांची नजर बटणांच्या झिजेवर. "ही बघा, ही चार-पाच बटणं गुळगुळीत झाल्यात. बाकीची कोरी. म्हंजे पयला मानूस एवढ्यांवरच भागवत हुता. आपुन कशाला सगळी शिकायची?" खरेच होते. एक अनोळखी जर्मन कामगार अठ्ठावीस वर्षांचा धडा आमच्यासाठी बोटांनी लिहून गेला होता. वेगाची जी गोल खुंटी होती तिच्या भोवती शून्यापासून दीडशेपर्यंत आकडे. त्यांतल्या ऐंशीच्या आकड्यापाशी त्याने लाल रंगाची एक बारीक रेघ मारली होती. खुंटीच्या वर मळकी चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने एकच शब्द. मुलीने तो वाचला: लांगझाम. वही उघडायची गरज पडली नाही. अर्थ तिला आता पाठ होता. सावकाश.

मेस्त्री ती पट्टी बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "शाना गडी हुता."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिले झाकण शिकंज्यात आवळले. त्याआधी दोन दिवस सगळा प्रोग्राम हवेत चालवून पाहिला होता, कटर जॉबच्या पन्नास मिलिमीटर वर ठेवून. मोकळ्या हवेत तो मोठ्या डौलाने वळणे घेत फिरला. मग कामाचे शून्य धरायचे. यंत्राचे स्वतःचे एक शून्य असते, ते कायमचे. आणि दर कामाचे एक निराळे शून्य असते, ते आपण त्याला दाखवायचे. जॉबची कड नेमकी कुठे आहे हे सांगायला मेस्त्रींनी पतंगाच्या कागदाची एक पट्टी काढली, तिची जाडी मायक्रोमीटरने मोजली, ती कड आणि थांबलेला कटर यांच्यामध्ये धरली आणि मला टेबल कणाकणाने जवळ आणायला सांगितले. कागद किंचित अडला, त्या क्षणी "बास!" कागदाची जाडी आणि कटरची अर्धी जाडी हिशेबात धरून आकडा दिला. हिरवे बटण दाबले.

बिडाचा काळा भुसा उडू लागला. सरळ कड गेली, पहिले वळण गेले. पडद्यावर आकडे शांतपणे पळत होते. एकाएकी मेस्त्रींचा हात पुढे झाला आणि त्यांनी वेगाची खुंटी शंभरावरून साठावर आणली. मला काही कळले नव्हते, मुलीला नाही, पडद्यालाही नाही. मग कान देऊन ऐकले तेव्हा जाणवले की घुमणाऱ्या आवाजात एक बारीक किरकिर मिसळली होती. दोन श्वासांनी ती गेली. त्यांनी खुंटी पुन्हा शंभरावर नेली.

"तिथं कड पातळ हाय," ते म्हणाले. "ओतताना पातळ जागा आधी गार हुती, आणि बीड तिथं कडक हुतंय. काचेवानी. सगळ्या झाकनांना त्याच जागी असणार."

दुसऱ्या झाकणालाही त्याच जागी किरकिर झाली. तिसऱ्याच्या आधी मी म्हणालो, "मेस्त्री, दर वेळी खुंटीपाशी कशाला उभं राहायचं? तेवढ्या तुकड्याचा वेग प्रोग्राममध्येच कमी लिहा." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बाजूला झालो. मुलीने ती ओळ शोधून दिली आणि तीही बाजूला झाली. पॅनेलने विचारले, वेग? तिथे मिनिटाला ३०० मिलिमीटर लिहिलेले होते. मेस्त्रींनी ते पुसले. एक, आठ, शून्य, अशी तीन बटणे दाबली, मग 'हो', मग 'झालं'.

पन्नास वर्षे जे त्यांच्या मनगटात आणि कानात होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा कुठेतरी लिहिले गेले. अण्णांचाही असाच हात होता, असे सगळे सांगतात. पण तो अण्णांबरोबर गेला. कौशल्य लिहून ठेवायची सोय पूर्वी आमच्या धंद्यात नव्हती. एक माणूस दुसऱ्याशेजारी वर्षानुवर्षे उभा राही आणि जेवढे झिरपेल तेवढे झिरपे. या यंत्राने मेस्त्रींचे काम काढून घेतले, असे आम्ही दोघेही समजत होतो. त्याने ते मागून घेतले, आणि तेही एक साधा प्रश्न विचारून. पण हेही खरे की विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत एकाच माणसापाशी होते. मेस्त्री त्या दिवशी घरी गेले असते, तर पॅनेल शेवटपर्यंत तीनशेच म्हणत राहिले असते आणि आम्ही कटर मोडत राहिलो असतो.

चोवीस झाकणे वेळेत गेली. गिऱ्हाइकाने ती मोजली, तपासली, आणि पुढचे काम दिले. सोने मात्र लगेच सुटले नाही. ते पुढच्या पाडव्याला घरी आले. पण त्या दिवसापासून ते दिसायचे थांबले.

पुण्याचा तो जाणता माणूस पुन्हा आला, तेव्हा त्याने सहज म्हटले, "आतला एक आकडा बदलला की पडदा इंग्रजीत बोलायला लागेल. करून देऊ?" मी मेस्त्रींकडे पाहिले. ते म्हणाले, "मला दोन्ही सारखीच. पण आता हीच वळखीची झाल्या. कशाला उगी तिची बोली बदलता?" म्हणून आमचे मशीन अजून जर्मनच बोलते. त्याला नांदायला आणले. माहेरची भाषा टाकायला लावली नाही. आमच्या घरातल्या बायकांनी या निर्णयाला एकमताने पाठिंबा दिला, आणि त्यात काही आडून बोलणे होते की काय, याचा मी अजून विचार करतो आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला सगळी हत्यारे आणि मशिने धुऊनपुसून मांडली. झेंडूच्या माळा घातल्या. प्रश्न आला तो पॅनेलला कुंकू कुठे लावायचे हा. पडद्यावर लावले तर आकडे दिसत नाहीत, बटणांवर लावले तर चिकटते. तेव्हा आमच्या घरातून सूचना आली, "अहो, त्या कोपऱ्यात एवढं मोठं लाल बटण आहे. कुंकू माहेराहूनच लावून पाठवलंय की!" सगळे हसले. तातडीने थांबवायच्या त्या लाल टोपीवर मग दोन अक्षता वाहिल्या. मेस्त्रींनी आपली डबी घेऊन बोटभर हळद त्या मळक्या चिकटपट्टीच्या कडेला टेकवली. कुणाला उद्देशून, ते त्यांनी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

दसरा झाला, दिवाळी झाली. थांबण्याची गोष्ट मेस्त्रींनी पुन्हा काढली नाही. हल्ली ते आठवड्यातून तीनच दिवस येतात, कारण गुडघे ऐकत नाहीत. एक नवा मुलगा ठेवला आहे, आयटीआय झालेला, चलाख. तो आठ दिवसांत सगळी बटणे शिकला आणि नवव्या दिवशी वेगाची खुंटी एकशेवीसवर नेऊ लागला. मेस्त्री त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी चिकटपट्टीचे एक रीळ आणले, जर्मन पट्टीच्या बरोबर खाली नवी पट्टी डकवली आणि तिच्यावर चौथीतल्या वळणदार अक्षरांत, एकेक काना-मात्रा जपून लिहिले: सावकाश.

मुलगा आता खुंटीला हात घालण्याआधी ती पट्टी वाचतो. वाचल्यावर ऐकतोच असे नाही, पण वाचतो. वरची पट्टीही त्याने मला वाचून दाखवली. "मालक," तो म्हणाला, "हे दोघंजण एकच सांगतायत."